आजोळचा पत्ता

पुढच्या अंकाचा विषय ‘घर’ आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मला सगळ्यांत आधी आठवली ती आईबापांच्या घरी न वाढणारी मुलं. आजीकडे ठेवलेली, मामाने शिकायला आणलेली, आई गेल्यावर मावशीने उचलून नेलेली. अशी मुलं नसलेलं गाव आपल्याकडे शोधून सापडणार नाही. घरात एक ताट वाढतं, एक अंथरूण वाढतं आणि पोर त्या घरचं होऊन जातं. त्याचा कागद कुणी करत नाही, करावा असं कुणाच्या मनातही येत नाही.

शाळेला मात्र कागद लागतो. मूल कुणाचं, राहतं कुठे, त्याच्यासाठी सही कोण करणार, हे तिथे लिहून द्यावं लागतं. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 1 एप्रिल 2010 पासून देशात लागू आहे. आईबाप जवळ नसलेल्या मुलापर्यंत तो हक्क पोचताना वाटेत काय काय घडतं, हे पाहायला मी आधी बीड जिल्ह्यात गेले आणि नंतर पुण्यात.

दिवाळीनंतरचं गाव

शिरूर कासार तालुक्यातल्या त्या वस्तीवर पोचले तेव्हा निम्म्या घरांना कुलपं होती. ऊसतोडणीच्या मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. दिवाळी उरकली की ट्रक आणि ट्रॅक्टर भरतात: भांडी, कोयते, ताडपत्री, शेळी, धाकटं लेकरू. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि हिशेब त्या कोयत्याचा होतो. सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत ही माणसं जातात ती उन्हाळा लागल्यावरच परततात. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि त्याचा मधला मोठा तुकडा, जवळजवळ पाच-सहा महिने, उसाच्या फडावर जातो. ज्यांच्या घरी सांभाळणारं म्हातारं माणूस आहे, त्यांची मुलं मागे राहतात.

ओट्यावर बसलेल्या एका आजीच्या घरी तेव्हा दोन नातवंडं होती, लेकीची. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. लेक दिलेली पाथर्डी तालुक्यात. सासू-सासरे दोन्ही गेलेले, त्यामुळे तिकडे मुलांना ठेवायला कुणी नाही. “चार वर्सं झाली, हितंच हायेत,” आजी म्हणाली. “पहिल्यांदा फडावर नेली व्हती. पोरगी लहान्याला संबाळायची अन् पाणी भरायची. साळा बुडाली. मग म्या म्हनलं, आन हिकडं.”

शिरूर कासार आणि पाथर्डी हे शेजारशेजारचे तालुके. सोयरीक नेहमीची, बाजार एकमेकांचा, बोलीही एकच. मधून फक्त जिल्ह्याची हद्द जाते. एक तालुका बीडमध्ये आणि दुसरा अहिल्यानगरमध्ये. या हद्दीचं महत्त्व मला तेव्हा कळलं नव्हतं. पुढे या दोन मुलांच्या प्रत्येक कागदाशी तीच येऊन उभी राहिली.

त्या वस्तीवरची शाळा दोनशिक्षकी. हिवाळ्यात तिथे हंगामी वसतिगृह चालतं. नावावरून वाटतं तशी त्याला इमारत, खाटा असं काही नसतं. शाळा व्यवस्थापन समिती ठराव करते, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांची यादी होते, गावातली एखादी बाई दोन वेळचा स्वयंपाक करते. मुलं शाळेत शिकतात, तिथेच जेवतात आणि रात्री झोपायला आजी-आजोबांकडे जातात. सरकारने इथे आजीला गृहीत धरलं आहे आणि ते बरोबरच आहे. पोटाचा भार शासनाने उचलायचा, मायेचा तिने. तिच्या तुटपुंज्या शिध्यावर दोन जादा पोटं पडत नाहीत म्हणून ती मुलांना ठेवून घेऊ शकते. मी पाहिलेल्या सगळ्या व्यवस्थांमध्ये मला ही सर्वांत शहाणी वाटली, कारण मूल जिथे खरोखर राहतं तिथूनच ती सुरू होते.

पटावर एकीकडे, बाकावर दुसरीकडे

शाळेतल्या बाईंनी जनरल रजिस्टर दाखवलं. जुन्या पद्धतीचं, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याचं. दोन्ही भावंडांची नोंद त्यात आहे. वडिलांचं नाव, आईचं नाव, मूळ गाव पाथर्डी तालुक्यातलं. पत्त्याच्या रकान्यात आजीच्या वस्तीचं नाव आणि कंसात बाईंच्या अक्षरात ‘आजोळी’. रजिस्टरच्या मागच्या पानावर फोन नंबरांची यादी: बापाचा, मुकादमाचा, आजीच्या शेजाऱ्याचा.

“वर्गात बसवायला मला कुणाची परवानगी लागत नाही,” बाई म्हणाल्या. “मूल दारात आलं की त्याला आत घ्यायचं. पंचाईत पोर्टलवर होते.”

मुलाची नोंद आता सरकारी संगणक प्रणालीत असते. शाळा बदलायची तर नव्या शाळेने ऑनलाइन विनंती पाठवायची आणि जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी ती मान्य करायची. जुनी शाळा ती मान्य करायला नेहमी राजी नसते. शिक्षकांची पदं पटावर ठरतात, आणि पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टाव्या मुलाला तिसरा, असं कायद्याच्या परिशिष्टातच आहे. वीसच्या खाली गेलेल्या शाळांच्या डोक्यावर तर बंद होण्याची भीती असते. अशा शाळेला एक-एक नाव जपावंसं वाटतं, आणि त्या गुरुजींचा मला राग येत नाही. परिणाम मात्र असा होतो की मूल पटावर पाथर्डीत आणि बाकावर शिरूरमध्ये. या मुलाच्या नावाची मान्यता यायला एक आख्खं सत्र गेलं होतं. तोवर बाईंनी त्याला पुस्तकं शेजारच्या शाळेतून आणून दिली आणि खिचडी आपल्याच पातेल्यातली वाढली.

पुन्हा आधारचं आहे. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती पदं मिळणार याचा हिशेब, आधार जुळलेल्या मुलांच्या संख्येवर होऊ लागली तेव्हापासून शिक्षकांच्या मागे हे काम लागलं. नावातली वेलांटी चुकली तरी मूल ‘जुळत’ नाही. खरं तर आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मधल्या निकालात स्पष्ट सांगितलं आहे. प्रवेश कुणी नाकारतही नाही. पण मूल मोजलं गेलं नाही तर शिक्षकाचं पद जाऊ शकतं, आणि म्हणून दुरुस्तीसाठी आजीला तालुक्याला खेपा घालाव्या लागतात. एका खेपेला एक रोज बुडतो.

कायद्याला कोण चालतं

शिक्षणहक्क कायद्याच्या दुसऱ्या कलमात व्याख्या आहेत. तिथे आईबाप आणि पालक असे दोन वेगळे घटक आहेत. आईबापांत सख्खे, सावत्र आणि दत्तक घेणारे येतात. पालक म्हणजे ज्याच्याकडे मुलाचा सांभाळ आणि ताबा आहे अशी व्यक्ती. नैसर्गिक पालक आणि न्यायालयाने नेमलेला पालक त्यात समाविष्ट आहेत, असं पुढे म्हटलं आहे. म्हणजे न्यायालयाची नेमणूक हा त्यातला एक प्रकार झाला, ती अट नव्हे. मुलाला शाळेत घालण्याचं कर्तव्य सांगणारं दहावं कलमही आईबाप किंवा पालक असंच बोलतं. ओट्यावरची आजी या व्याख्येत पूर्ण बसते. तिला वकील नको, 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज नको.

बाकीची कलमंही मुलाच्याच बाजूची आहेत. कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागली, राज्यात किंवा राज्याबाहेर, तरी मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे. जुन्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा, आणि तो यायला उशीर झाला तरी नव्या शाळेने प्रवेश थांबवायचा नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणून परत पाठवायचं नाही. प्रवेशाची मुदत उलटली तरी नाही म्हणायचं नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे स्थानिक प्राधिकरणाने पाहायचं, आणि आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या नोंदी ठेवायच्या. ‘राहणाऱ्या’ मुलांच्या. बाप कुठला मतदार आहे, हा प्रश्न तिथे नाही.

अंतराबद्दल लोकांत मोठा गैरसमज आहे. राज्याच्या 2011 च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. ही सरकारवर घातलेली जबाबदारी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेला तिच्या आधाराने कुठल्या मुलाला ‘तू आमच्या हद्दीतला नाहीस’ म्हणता येत नाही. बाईंना हे तोंडपाठ होतं. तालुक्याच्या गावी भेटलेल्या एका अनुदानित हायस्कूलच्या लेखनिकाला ते ठाऊक नव्हतं. तो आजी-मामांना सरसकट “कोर्टाचं पत्र आणा” म्हणून वाटेला लावत होता. माहितीतल्या एवढ्याशा फरकाने कुणाचं वर्ष वाचतं, कुणाचं जातं.

जिथे हद्दीला किंमत असते

मूल कुणाकडे राहतं यावरून मोफत शाळा अडवायची, असा स्पष्ट कायदा जगात आहे, आणि त्याची कारणंही समजून घेण्यासारखी आहेत. अमेरिकेत शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघतो. महागड्या घरांच्या भागात शाळा श्रीमंत, गरीब वस्तीत शाळा गरीब. बाहेरच्या मुलाचा खर्च आम्ही का सोसायचा, हा प्रश्न तिथल्या करदात्याला पडतो. टेक्सासमधल्या मॅकॅलन गावात 1969 मध्ये जन्मलेला एक मुलगा जन्माने अमेरिकन नागरिक होता, आईबाप मेक्सिकन, सीमेपलीकडे रेनोसात राहणारे. 1977 मध्ये तो शाळेसाठी मॅकॅलनला थोरल्या बहिणीकडे आला. आईबापांपासून वेगळं राहण्याचा मुख्य हेतू फुकट शाळा हाच असेल तर प्रवेश नाकारावा, असा टेक्सासचा कायदा होता. बहीण त्याला सांभाळत होती, पण कायदेशीर पालकत्व तिने घेतलं नव्हतं. ‘मार्टिनेझ विरुद्ध बायनम’ या खटल्यात 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तो कायदा वैध ठरवला. वेगळं मत एकट्या न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांचं होतं.

ज्या न्यू जर्सीत आपली मराठी मंडळी मोठ्या संख्येने राहतात, तिथेही मामाकडे राहणाऱ्या भाच्याला मोफत शाळा मिळते ती शपथपत्रांवर. मामाने लिहून द्यायचं की मुलाला मी एकही पैसा न घेता, पोटच्या मुलासारखं, आणि शाळेच्या वर्षानंतरही सांभाळणार आहे. आईबापांनी लिहून द्यायचं की कौटुंबिक किंवा आर्थिक अडचणीमुळे आम्हाला ते जमत नाही. केवळ शाळेसाठी पाठवलेलं मूल तिथे चालत नाही. नकार आला तर 21 दिवसांत राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे दाद मागता येते आणि निकाल लागेपर्यंत मूल शाळेतच राहतं. खोट्या पत्त्याची शिक्षा किती कडक असू शकते हे 2011 मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात दिसलं. मुलींच्या शाळेसाठी स्वतःच्या वडिलांचा, म्हणजे मुलींच्या आजोबांचा पत्ता देणाऱ्या आईला तुरुंगात जावं लागलं. त्याच देशात 1987 पासून दुसराही एक कायदा आहे. घर गमावून नातेवाइकांकडे आसरा घेतलेलं मूल तो बेघर मानतो आणि एकही कागद नसताना त्याला त्याच दिवशी वर्गात बसवायला सांगतो.

हे सगळं इथे सांगण्याचं कारण पैशाचं आहे. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो. पुस्तकं, गणवेश, पोषण आहार यांचा पैसा राज्याचा आणि केंद्राचा. पाथर्डीचं पोर शिरूरला शिकलं तर कुणाच्याही खिशातून जादा रुपया जात नाही. ज्या कारणासाठी परदेशात हद्दी राखल्या जातात ते कारणच इथे नाही. तरी हद्दी उभ्या राहतात, कारण आपल्या बहुतेक अर्जांचे रकाने बाप घरात आहे असं धरून आखलेले आहेत.

पुण्यातला मामा

पुण्याच्या पूर्वेकडच्या एका उपनगरात, पत्र्याच्या दोन खोल्यांत राहणारा मामा मला तिथल्या एका कार्यकर्तीने भेटवला. टेम्पो चालवतो. बहिणीला नवऱ्याने टाकलेलं. ती लातूरकडे मोलमजुरी करते, तिचा सहा वर्षांचा मुलगा याच्याकडे. घरापासून चालत जाता येईल अशी एक इंग्रजी शाळा आहे आणि खासगी विनाअनुदानित शाळांतल्या पहिल्या वर्गाच्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्याव्या लागतात, हे त्याला कळलं होतं. त्याने ऑनलाइन अर्ज भरायला घेतला.

या प्रवेशात अंतर खरंच मोजतात. नकाशावर घराची खूण करायची. एक किलोमीटरच्या आतली मुलं आधी, मग तीन किलोमीटरपर्यंतची. मग राज्यभराची सोडत आणि त्यानंतर पडताळणी समितीसमोर कागद. रहिवासाचा पुरावा म्हणून शिधापत्रिका, वीजबिल, मतदार ओळखपत्र वगैरेंची यादी आहे. भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. मामाकडे करार होता, तो मामाच्या नावाचा. मुलाची आई लातूरकडे, बाप कुठे आहे ठाऊक नाही. जातीचा दाखला बापाकडचा हवा, उत्पन्नाचा दाखला पालकाचा हवा, आणि इथे मामाला पालक कुणी मानेना. मदत केंद्रावरच्या मुलीने त्याला सहानुभूतीने सांगितलं, “मामा, मूल अनाथ असतं तर सोपं होतं.”

तिचं म्हणणं नियमाला धरून होतं. अनाथ मूल अनाथालयात नसेल तर जो कुणी त्याचा सांभाळ करतो त्याचं हमीपत्र या प्रक्रियेत चालतं. सांभाळणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायची रीत म्हणजे इथे आहेच. ती एका पायरीवर थांबवली आहे. जिवंत असून जवळ नसलेल्या आईबापांच्या मुलासाठी तेच हमीपत्र का चालू नये, याचं पटणारं उत्तर मला कुणी दिलं नाही.

समितीवर काम केलेल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी दुसरी बाजू सांगितली. चांगल्या शाळेच्या शेजारच्या गल्लीतले कागदोपत्री भाडेकरू त्यांनी खूप पाहिले होते. “चार मजली घर असलेला माणूस झोपडपट्टीतली खोली भाड्याने दाखवतो. ते पकडायचं तर कागद घट्ट धरावे लागतात.” हे खरं आहे. नागपुरात 2024 मध्ये खोट्या कागदपत्रांवर प्रवेश घेतल्याबद्दल पालकांवर गुन्हे दाखल झाले. पण कागद घट्ट धरल्याने तो चार मजलीवाला अडत नाही, कारण त्याला कागद तयार करता येतात. अडतो तो टेम्पोवाला मामा. मूल खरोखर कुठे राहतं हे पाहायचा खात्रीचा उपाय म्हणजे घरी जाऊन येणं. अंगणवाडी सेविका, आशा ताई, शेजारचे चार लोक एका भेटीत सांगतील.

त्याच 2024 च्या फेब्रुवारीत राज्याने नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या जागांमधून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला मे महिन्यात स्थगिती दिली आणि जुलैत तो बदल रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. जागा वाचल्या. मामाचा भाचा मात्र महापालिकेच्या शाळेत गेला. तिथे बाईंनी त्याचं नाव पाच मिनिटांत घातलं.

नवोदयचा अर्ज

पावसाळ्यात पुन्हा शिरूरला गेले तेव्हा आजीचा नातू पाचवीत गेला होता आणि बाई त्याला नवोदयच्या परीक्षेला बसवायच्या खटपटीत होत्या. जवाहर नवोदय विद्यालय म्हणजे सहावीपासून निवासी, केंद्राची, मोफत शाळा, दर जिल्ह्याला एक. किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना. ऊसतोडणीवाल्याच्या घरातल्या हुशार पोराला इतकी योग्य दुसरी शाळा नाही. तिथे गेलं की दिवाळीनंतर कुणाकडे राहायचं हा प्रश्नच सुटतो.

परीक्षा मुलाने त्याच जिल्ह्यातून द्यायची, जिथे तो पाचवीत शिकतो. इथवर ठीक. पुढे पालकाचा रहिवासाचा पुरावाही त्याच जिल्ह्यातला मागतात. मुलगा बीड जिल्ह्यात शिकतो, बापाचं सगळं काही अहिल्यानगरचं. नियमामागचा हेतू समजतो: शहरातल्या लोकांनी मागास जिल्ह्यात नाव घालून तिथल्या मुलांची जागा घेऊ नये. पण पाच वर्षं ज्या जिल्ह्यात मूल जेवलं, झोपलं, शिकलं, तो त्याचा जिल्हा नव्हे, हे कुठल्या न्यायाने ठरवायचं? बाईंनी सुचवलं की आईने आपल्या आधारवरचा पत्ता माहेरचा करून घ्यावा. जानेवारी 2023 पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने आधारवरचा पत्ता बदलता येतो आणि नात्याचा कागद नसेल तर कुटुंबप्रमुखाचं स्वयंघोषणापत्र चालतं. म्हणजे आजी कुटुंबप्रमुख होऊ शकते. आई या कल्पनेला बिचकत होती. नवऱ्याच्या गावचं रेशन जाईल, घरकुलाच्या यादीतून नाव उडेल, भावकी काय म्हणेल. तिची भीती अगदी रास्त आहे. एका पत्त्यावर कुटुंबाचं सगळंच टांगलेलं असताना पोराच्या शाळेसाठी तो हलवायचा, हा फार मोठा सौदा झाला.

मूल कुणाकडे आहे याची सरकारी नोंद करणारी एक जागा आपल्याकडे आहे. ती शिक्षण विभागाची नसून महिला व बाल विकासची आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाच्या बालसंगोपन योजनेत, आईबाप दोन्ही किंवा एक गमावलेल्या अथवा संकटातल्या मुलाला कुटुंबात वाढवण्यासाठी महिन्याला 2250 रुपये मिळतात. कोविडनंतर ही योजना घरोघर माहीत झाली. सामाजिक कार्यकर्ता घरी येतो, चौकशी अहवाल लिहितो, बालकल्याण समिती आदेश देते. त्या आदेशाची झेरॉक्स आजीच्या पिशवीत असली की लेखनिकांचा सूर बदलतो, असं मला एकीने नव्हे, कित्येकींनी सांगितलं. पैशापेक्षा त्यांना तो कागद मोलाचा वाटत होता. पण ही वाट सगळ्यांची नाही. फडावर गेलेले आईबाप जिवंत आहेत, कमावते आहेत, त्यांनी पोराला टाकलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की कायद्याने ज्याला पालक म्हटलं, त्याला प्रत्येक शैक्षणिक अर्जात पालक म्हणून जागा द्यावी. सांभाळणाऱ्याचं एका पानाचं घोषणापत्र आणि त्याखाली शाळा व्यवस्थापन समितीचा शेरा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य आईबाप किंवा पालकच असतात. कुणाचं पोर कुणाच्या घरी आहे हे त्यांना तलाठ्याआधी माहीत असतं. स्थानिक प्राधिकरणाने आपल्या हद्दीत राहणाऱ्या मुलांच्या नोंदी ठेवायच्याच आहेत. त्या नोंदीत सांभाळणाऱ्याचा रकाना भरला की तिचा उतारा पंचवीस टक्क्यांनाही चालावा, नवोदयलाही.

चौदा पूर्ण झाल्यावर

मोठ्या मुलीचा प्रश्न याहून अवघड आहे. ती आता नववीत आहे आणि शिक्षणहक्क कायदा आठवीपाशी, चौदाव्या वर्षाशी थांबतो. ज्या कलमांनी तिला इथवर आणलं त्यांतलं एकही आता तिच्यासोबत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्याने 2021 मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना जाहीर केली. मुलींच्या वसतिगृहात तिला घालावं असं तिच्या मामाच्या, आजीच्या मुलाच्या, मनात आहे. त्यासाठी आईबाप ऊसतोड कामगार असल्याची ओळख लागते आणि ती मिळणार बापाच्या गावच्या ग्रामपंचायतीतून.

त्याहून लांबची वाट जातीच्या दाखल्याची. कुटुंब भटक्या जमातींतलं. दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधी घराणं कुठे राहत होतं ते दाखवावं लागतं, वडिलांकडून. आजीची शाळा सोडल्याची नोंद, मामाचा दाखला, आजोळच्या जमिनीचा उतारा, यांतलं काही चालत नाही. मुलीचा आजा कधी शाळेत गेला नाही. मग पणज्याच्या वेळची गावची जन्म-मृत्यूची नोंद किंवा कोतवाल बुकाची नक्कल काढायची, ती पाथर्डीच्या तहसील कचेरीतून. अर्जही तिकडच्याच अधिकाऱ्यांकडे. दहावीनंतर अकरावीचा प्रवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृह, प्रत्येक ठिकाणी हा दाखला मागतील. आजी म्हणते तसं, “नात माझी, पन कागद त्यांचा.”

ज्या मुलीची आई टाकलेली आहे, चुलते दारात उभं करत नाहीत, तिला हे कागद कोण देणार? पुण्यातल्या त्या सहा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला हा प्रश्न आठ-नऊ वर्षांनी येणार आहे. आईने एकटीने वाढवलेल्या मुलांना आईच्या जातीचा दाखला मिळावा म्हणून बायका न्यायालयांत जात आहेत, काहींना तो मिळालाही आहे. पण प्रत्येकीने स्वतंत्र लढाई करून मिळवावा इतका हा हक्क दुर्मीळ ठेवायचं कारण नाही.

शिरूरच्या त्या मुलीच्या मामाने मला कागदांची पिशवी उघडून दाखवली. मुलीचा बोनाफाइड, मेहुण्याच्या आधारची झेरॉक्स, पाथर्डीच्या एका नातेवाइकाचा नंबर. तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल अर्ज दिल्यावर किती दिवस लागतील, जुनी नोंद मोडीत निघाली तर वाचून कोण देईल, तेवढं विचारून ठेवा ताई, म्हणाला. मी विचारून कळवलं. श्रावण चालू होता. मुकादम उचल वाटायला लागले होते. यंदा बायकोसोबत त्यालाही फडावर जायचं होतं, म्हणून पाथर्डीची खेप त्याने दसऱ्याच्या आत धरली होती.